कावळ्याने नेमकं कोणाचं ऐकलं?

प्रिय मीनल,

आज सकाळी तन्वीच्या आईचा फोन आला. "आजी, उद्या रविवार. मुलांना आणायचं का?" मी म्हटलं, "विचारून सांगते." फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, विचारणार कोणाला? इतकी वर्षं या घरातलं सगळं सुनेला, म्हणजे तुलाच, विचारून चाललं, तोंडाला तीच सवय. म्हणून हे पत्र.

बोलते मी, लिहिते आहे नेहा, तुझ्या हाताखाली पीएचडी करणारी. मी 'नाय' म्हणते, ती 'नाही' लिहिते. लिहू दे. शेवटी विद्यार्थिनी तुझीच.

आधी एक सांग, तू नक्की काय काम करायचीस? हसू नकोस. तू लग्न होऊन पनवेलला आलीस तेव्हा मी माहेरी गव्हाणला सांगून आले होते, माझी सून कॉलेजात शिकवते. ज्या मुलांना शिकायला जड जातं, त्यांना कसं शिकवायचं ते ती शिक्षकांना शिकवते. वहिनी म्हणाली, "मंग त्या पोरांना कोन शिकवतं?" घरी येऊन तुला विचारलं, तर म्हणालीस, "त्यांनाही मीच, आई. रविवारी."

आठवडाभर कॉलेज. जेवणं झाली की कॉम्प्युटरवर संशोधन. रविवारी आपल्या हॉलमध्ये दहा-बारा मुलं, त्यांच्या आया, आणि दारात चपलांचा ढीग. दर जूनमध्ये म्हणायचीस, "या वर्षी एक काहीतरी कमी करते." केलंस का कधी?

बढती अडली त्या दिवशी तू चहा न पिताच बसून होतीस. म्हणालीस, "रविवार कशातच धरत नाहीत, आई. पेपर किती छापले ते विचारतात."

"मग सोड रविवार."

"सोमवारी वर्गात काय सांगायचं ते मला रविवारीच कळतं."

"मग ते लिहिणं सोड."

"लिहिलं नाही तर पुढच्या बाईला कसं कळणार?"

"मग कॉलेज सोड."

"पगार तुम्ही देणार?"

असा सगळा गोल. मी नुसतं ऐकून दमले. तू कशी दमली नाहीस? की दमली होतीस, आणि मलाच दिसलं नाही?

मुलांच्या बोटांना काम हवं म्हणून तू माझे मोड आलेले वाल पळवलेस. बिरडं सोलायला बसवलंस सगळ्यांना. अर्धे वाल पातेल्यात, अर्धे सोफ्याखाली. आणि त्याच्यावर पेपर लिहिलास. मी जन्मभर बिरडं सोललं, माझ्यावर कोणी ओळ छापली नाही.

आणि तुझ्या दहाव्याला नदीवर काय घोळ घातलास गं? पिंड मांडलेला, कावळा समोर झाडावर, पण खाली यायला तयार नाही. सुधीर हात जोडून म्हणाला, "घराची काळजी करू नकोस." नवऱ्याचं ऐकायची सवय तुला होती कधी? कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचे वर्ग आम्ही सांभाळू." कावळ्याने मान फिरवली. ही नेहा रडत म्हणाली, "आपला पेपर मी पुरा करते, मॅडम." तेव्हा खाली उतरला, पण लांबच बसला. गुरुजींनी विचारलं, "अजून कोणाच्या मनात काही आहे का?"

तेवढ्यात तुझी रविवारची तन्वी भात बघून पुढे धावली. बारा वर्षांची दणकट पोर, तिच्या आईला आवरेना. मी तिला कमरेला धरलं आणि म्हटलं, "थांब गो बाय, रविवारी ये, आपण बिरडं सोलू." वर बघते, तर पिंडाला कावळा शिवलेला.

आता मॅडम म्हणतात, तुझा जीव वर्गात अडकला होता. नेहा म्हणते, पेपरात. (थांबू नकोस नेहा, हेही लिही.) सुधीर म्हणतो, "आई, तिने तुझंच ऐकलं." अरे, मी पोरीला गप्प करत होते. तसलं बोलणं वचनात धरतात का? तू धरलंस? खरंच कळत नाही मला. तू मला अक्षरं शिकवायला बसलीस तेव्हा मी तुला उठवून लावलं होतं, म्हटलं होतं, माझ्यासाठी तुझं ते वेगळं शिक्षणही कमी पडेल. अशा बाईच्या भरवशावर वर्ग टाकून गेलीस?

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर फडक्यात बांधलेले वाल. मस्त मोड आलेले. गुरुवारी मीच भिजवले असणार, हाताच्या सवयीने. सुधीर बघत उभा राहिला. "आई, आपल्या दोघांना एवढे?"

मग तन्वीच्या आईला फोन लावला. म्हटलं, "आणा."

शिकवायचं काय ते नेहा बघेल. तिलाही धड माहीत नाही, आत्ता लिहिताना मान हलवते आहे. सोफा सुधीर सरकवेल. माझ्याकडून एवढंच, मीनल, मी आहे तोवर दर गुरुवारी वाल भिजत घालीन आणि रविवारी दार उघडं ठेवीन. हे मी कोणाला गप्प करायला म्हणत नाही. तुला म्हणते. या वेळी नीट ऐक.

तुझी,
आई

(अक्षर नेहाचं, अंगठा माझा.)