कॅप्टनच्या लग्नाची नोंद

तीर्थरूप आईच्या पायांवर डोकं ठेवून ऋषिराजचा मेक्सिकोहून नमस्कार.

मी मजेत हाय. शिरवळच्या कंपनीनं दिलेलं काम बरं चाललंय. हितंबी मक्याची भाकरी नि मिरची मिळती, तवा जेवणाची काळजी करू नगंस. गुडघ्याला तेल लावतीस न्हवं?

माझ्या घरमालकीण मार्ताबाई लय ताठ. "आमचा मूळपुरुष स्पेनच्या राजाचा कॅप्टन हुता," म्हणत त्यांनी नातीचं बेकरीवाल्या पोराशी ठरलेलं लगीन अडवलं. नात ऐकंना, म्हणून कॅप्टनचा पुरावा काढायला त्या मला घेऊन चर्चमधी गेल्या. त्यांना बारीक अक्षर दिसत न्हाई. अडीचशे वर्सांमागच्या लग्नाच्या वहीतली त्या मूळपुरुषाची नोंद मीच अडखळत वाचली.

आई, नवरा निघाला साधा शिपाई! सहीच्या जागी फुली. नवरी खाणावळीत भांडी घासणारी.

"पुन्हा वाच," बाई म्हणाल्या. मी तीनदा वाचलं. तिन्ही बारीला शिपाईच.

घरापतुर त्या माझ्याफुडं तरातरा चालत गेल्या. मला वाटलं, आता खोली सोडावी लागती. पण दारातनंच त्यांनी नातीला हाक मारली, "रविवारी त्या पोराला जेवायला बोलाव. आन् पाव त्यालाच आणायला सांग."

नात त्यांच्या गळ्यात पडून रडली. माझंबी डोळं भरलं.

ज्या रेश्माशी मला लगीन करायचंय, तिचं घर आपल्या सुभेदाराच्या घराण्याला शोभत न्हाई, असं तू म्हणतीस. आई, पणजोबा सुभेदार हुते, हे आपल्याला नक्की कुणी सांगितलं गं?

तुझ्या होकाराकडं डोळं लावून बसलेला,
ऋषिराज