वैद्याच्या वाट्याची विद्या

मी, शालिकराम धोंडबा भोयर, वय एकाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार धरमपेठ, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे, असे डॉक्टर म्हणतात. डोक्यातल्या गोंधळाबद्दल ते काही बोलले नाहीत.

कलम १. माझी आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती का रद्द झाली हे सांगणे भाग आहे.

कलम २. गेल्या दिवाळीत शेजारी आनंदराव यांचा मुलगा परदेशात एक खेळ पाहून आला. त्याच्याकडून ऐकून मी ‘गढ’ नावाचा खेळ रचला. कोणी शिपाई व्हायचे, कोणी चोर, कोणी वैद्य. प्रत्येकाच्या विद्या निरनिराळ्या. फासे टाकत तिघांनी मिळून गढ जिंकायचा. गोष्ट मी सांगायची. माझा मुलगा मुकुंद चोर झाला, थोरली जयवंता शिपाई. वैद्य कोणालाच नको होता, म्हणून धाकट्या सुभद्रेने घेतला.

मुकुंद म्हणाला, “चोराले लागलं तर तो काय वैद्याची वाट पाहत बसन?” मला पटले. वैद्याची मलमपट्टी त्यालाही दिली. मग जयवंता फुगली, म्हणून शिपायाला जडीबुटी दिली. सुभद्रेला त्याऐवजी कुलूप उघडणे दिले, ते मुकुंदला आधीच येत होते.

“माझं काम हे दोघंबी करून राहिले. मी काहून बसू?” म्हणत ती उठली आणि खेळ बंद पडला. विद्या तर कोणाकडेच कमी नव्हत्या. मग बिनसले काय, हे मला उमगेना.

कलम ३. आधीच्या मृत्युपत्रात घर मुकुंदला, बँकेतील ठेव जयवंताला आणि मागच्या खोलीत राहण्याचा हक्क सुभद्रेला होता. तिचे लग्न झालेले नाही, माझे सर्व तीच करते. मी ते तिघांना वाचून दाखवले. मुकुंद म्हणाला, घर दुरुस्त कशाने करू? अर्धी ठेव त्याला लिहिली. जयवंता म्हणाली, “मंग माहेरी आली तर मी कुठं राहू?” मागची खोली तिलाही लिहिली. सुभद्रा चहा ठेवायला गेली. ती गेल्यावर मी कागद पुन्हा वाचला. तिच्या एकटीचे असे त्यात काहीच नव्हते.

कलम ४. म्हणून हे राहते घर पूर्णपणे सुभद्रेचे. त्यात कोणी राहावे, कोणी नाही, हे तीच ठरवील. ठेव मुकुंद व जयवंता यांना निम्मी-निम्मी. मुकुंदला सदर भागात दुकान आणि घर आहे. त्याने कुरकुर करू नये. केली तर करो.

कलम ५. आनंदरावांनी नेलेली माझी शिडी परत करावी. ते खाली साक्षीदार आहेत, म्हणजे त्यांना हे माहीत नाही असे नाही.

कलम ६. ‘गढ’ तिघांचा. मलमपट्टी फक्त वैद्याची.

कलम ७. हे सुभद्रेला वाचून दाखवले. ती म्हणाली, “बाबा, उद्या मुकुंददादा येऊन राहिला. तो बोलला का तुमी पुन्हा बदलून टाकसान.” म्हणून सही आजच करतो. यापुढे कोणाच्या सांगण्यावरून मी यात फेरफार केला, तर त्या वेळी मी शुद्धीवर नव्हतो असे समजावे.

शालिकराम धोंडबा भोयर

आमच्यासमक्ष सही केली:
१. आनंदराव गावंडे
२. कौसल्या वानखडे

नागपूर, ११ मार्च १९८४