दोघांनी मिळून नाही म्हणायचं

ओवेन्सबरो, ८ जुलै

प्रिय वेंडेल,

'प्रिय' लिहिलं खरं, पण तिथंच पेन दोनदा अडखळलं. आपल्या वकिलांनी ठरवून दिलंय की आपण एकमेकांना फक्त पोरांबद्दल कळवायचं, तेही फोनवरच्या मेसेजमध्ये, दोन ओळींत, भांडण होणार नाही अशा भाषेत. दीड वर्ष मी ते इमानदारीनं पाळलं. 'डिलेनीला खोकला आहे, औषध दप्तरात ठेवलंय.' 'कोल्बीचा एक बूट तुझ्या ट्रकमध्ये राहिला.' असलं लिहून लिहून माझी भाषा दुकानाच्या पाटीसारखी झाली आहे. आजचं दोन ओळींत मावणार नाही, म्हणून कागद घेतला. विषय पोरांचाच आहे, ऑक्टोबरात फ्लोरिडाला उंदीरमामाच्या पार्कात जायच्या सहलीचा. तेव्हा वकिलांनी डोळे वटारायचं कारण नाही.

आधी तयारीचं सांगते. शाळेला शरदाची सुट्टी लागते त्या शुक्रवारी दुपारी मी माझ्या शाळेच्या बसमधून शेवटचं पोर उतरवलं, बस आगारात लावली, की निघायचं. रात्री जॉर्जियात कुठंतरी स्वस्त मोटेल बघायचं, पण सकाळचा नाश्ता फुकट देणारं. कोल्बीला ते वॉफलचं यंत्र स्वतः उलटं करायला मिळालं की त्याची निम्मी सहल तिथंच झाली. तुझ्या आईनं तिचा मोठा निळा कूलर द्यायचं कबूल केलंय. पार्कात एका बर्गरला जे पैसे पडतात त्यात आपलं चौघांचं दिवसभराचं ब्रेड आणि पीनट बटर होतं, आणि डबा आत नेऊ देतात हे मी विचारून घेतलंय. डॉलरच्या दुकानातून चार रेनकोट आणले. अंधारात चमकणाऱ्या कांड्यांचं अख्खं पाकीटही आणलं. तिथं फेरीवाला तसलीच एक कांडी घेऊन पोरांच्या नाकासमोरून फिरतो आणि आईबापांचा जीव घेतो, असं माझ्याबरोबरची ड्रायव्हर सांगत होती. तुला हसू येत असेल. येऊ दे. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर आधी अंथरूण नीट झटकून बघावं लागतं, आणि आपल्या घरातलं ते खातं कायम माझ्याकडेच होतं.

पोरांचं म्हणशील तर डिलेनी दहा वर्षांची असून पन्नाशीची झाल्यासारखी वागते. "मम्मी, नाही जमलं तरी चालेल हं," असं दर दोन दिवसांनी मला सांगते. तिच्या वर्गात ती आणि पाद्र्याचा मुलगा, दोघंच त्या पार्कात न गेलेले उरलेत. ही समजूत तिच्या वयाला शोभत नाही, मला ती बघवत नाही. कोल्बीचं उलट. त्याला पर्वतातून धावणाऱ्या त्या गाडीत बसायचंय आणि तिथं चव्वेचाळीस इंच उंचीची अट आहे. बुटात वर्तमानपत्राच्या घड्या घालून तो घरभर फिरतो. परवा तुझ्या आईनं विचारलं, "काय रे, पाय दुखतोय का? असा बदकासारखा काय चालतोस?" तर म्हणतो, "मॅमॉ, मी वाढतोय, मध्ये बोलू नकोस."

हे सगळं शक्य झालं ते त्या लुइव्हिलच्या शनिवारामुळे, आणि त्याबद्दल आपण अजून एक शब्द बोललेलो नाही. म्हणजे मी बोलले नाही. तू तर काय, हाताची घडी तोंडावर बोट.

सुट्टीतल्या घराचा हिस्सा विकणारे ते लोक. नव्वद मिनिटं आमचं ऐका, काही घेऊ नका, पण जाताना फ्लोरिडातल्या तीन रात्री आणि उंदीरमामाच्या पार्काची चौघांची तिकिटं घेऊन जा. अट एकच, लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांनी यायचं आणि दोघांच्या लायसन्सवर एकच पत्ता हवा. तुला फोन करायच्या आधी मी तीन दिवस स्वतःशी भांडले. वीस ऑगस्टला न्यायाधीशासमोर काडीमोड घ्यायचा आणि जूनमध्ये फुकट तिकिटांसाठी जोडीनं मिरवायचं, हे मलाच कसंसं वाटत होतं. तू फोनवर नेहमीसारखं "हं" म्हणालास. मग म्हणालास, "कायद्यानं अजून आहोतच की."

त्यांनी बोलावलेल्या हॉटेलात तू टेबलावर लायसन्स ठेवलंस तेव्हा मी पर्स उचलायलाच घेतली होती. म्हटलं, याच्यावर आता आईच्या घरचा पत्ता असणार आणि दोन तास गाडी हाकत आल्यावर आपल्याला हात हलवत परत जावं लागणार. पण त्यावर आपलंच घर होतं. दीड वर्ष झालं तू तिथं राहत नाहीस. मी हळूच विचारलं तर म्हणालास, "आईच्या घराचा नंबर माझ्या लक्षात राहत नाही." वेंडेल, तू त्या घरात जन्मलास रे.

मग त्यांचा तो विक्रेता, रॉडनी. इस्त्रीचा शर्ट, दात इतके पांढरे की खोलीत वेगळा दिवा नको. त्याची युक्ती मला पहिल्या पाच मिनिटांत कळली. नवऱ्याला एकीकडे ओढायचं, बायकोला दुसरीकडे आणि मधल्या फटीत कागद सरकवायचा. शेजारच्या टेबलावरचं ते कोवळं जोडपं बघितलंस ना? येताना एकमेकांच्या हातात हात, आणि तासाभरात ती म्हणत होती, "तुला माझ्यासाठी कधी काही करायचंच नसतं." त्यांनी सही केली, आणि सही करताना ती पोरगी रडत होती. रॉडनीनं आपल्यावरही तेच लावलं. "तुमच्या घरात निर्णय कोण घेतं, सर?" तू म्हणालास, "ती घेते. मला नंतर कळतं." तो लगेच माझ्याकडे वळला, तर मी म्हटलं, "आणि मी याला विचारल्याशिवाय घेत नाही." बिचाऱ्याला कुठून शिरावं ते कळेना. त्यानं त्याच्या साहेबाला आणलं, साहेबानं त्याच्या बाईसाहेबांना आणलं. बाई म्हणाल्या, "ही किंमत फक्त आजच्यापुरती आहे, उद्या मिळणार नाही." तू शांतपणे म्हणालास, "म्हणजे उद्या नाही म्हणणं महाग पडेल. मग आजच म्हणतो." मला टेबलाखाली तुझा पाय दाबावासा वाटला, आणि मी दाबलाही. चुकून लागला असेल असं तुला वाटलं असेल तर तसं नाही.

आपलं बिनसल्यापासून आपण कुठल्याच गोष्टीवर एकमतानं काही म्हटलं नव्हतं. घर कुणाचं, व्हॅन कुणाची, नाताळला पोरं कुणाकडे. आणि त्या दिवशी दोघांनी मिळून अशी काही नकारघंटा वाजवली की शेवटी रॉडनी वैतागून म्हणाला, "इतकी वर्षं हे काम करतोय, पण इतकं घट्ट जोडपं माझ्या वाट्याला आलं नव्हतं." लिफ्टचं दार लागल्यावर आपण भिंतीला टेकून हसलो. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हसताना तुझा डावा डोळा आधी मिटतो, हे मी विसरले होते.

पण मला लिहायचंय ते त्याच्या आधीचं. रॉडनीनं तो ठेवणीतला प्रश्न काढला होता, "दहा वर्षांनी तुम्ही दोघं स्वतःला कुठे बघता?"  शाळेच्या बसमध्ये साठ पोरांना एका हाकेत गप्प करणारी मी, त्यांचं माहितीपत्रक उलटसुलट करायला लागले. आणि तू बोलायला लागलास. म्हणालास, "पोरं तोवर आपापल्या वाटेला लागलेली असतील. ही बस काही सोडणार नाही. ऑक्टोबरात सुट्टी लागली की मी गाडी काढणार, ही नकाशा मांडीवर घेणार आणि मला चुकीच्या रस्त्याला लावणार. मग जिथं पोचू तिथलं काहीतरी खायचं आणि चूक कुणाची यावर घरी येईपर्यंत वाद घालायचा. एवढंच. त्याला तुमचं घर लागत नाही, साहेब." 

परत येताना मी चेष्टेनं म्हटलं की तू नाटकात जायला हवं होतंस. तू रस्त्यावरची नजर न काढता म्हणालास, "मी त्याला काही खोटं सांगितलं नाही." आणि रेडिओ लावलास. मी खिडकीबाहेर बघत बसले. मका कमरेएवढा झाला होता, एवढं आठवतं.

तुला खोटं बोलता येत नाही, हे खरंच आहे. तुला फक्त गप्प बसता येतं. कारखान्यानं तुमची पाळी बंद केली तेव्हा तू तीन आठवडे रोज सकाळी माझ्याकडून डबा भरून घेतलास, मला हात केलास, आणि नदीकाठी ट्रकमध्ये जाऊन बसलास. ताकास तूर लागू दिली नाहीस. मला कळलं ते चर्चच्या जेवणात बटाट्याच्या सॅलडपाशी, भलत्याच बाईच्या तोंडून. नोकरी गेल्याचा राग मला कधीच नव्हता, वेंडेल. नोकऱ्या अर्ध्या गावाच्या गेल्या होत्या. मी त्या डब्यात रोज तुला आवडते म्हणून लोणच्याची काकडी वेगळी बांधून देत होते, त्याचा राग होता. तू ती एकट्यानं खात होतास आणि मी घरात बसून समजत होते की आपलं बरं चाललंय. नंतर तू एसी दुरुस्तीचं काम शिकलास, नोकरीही मिळवलीस, पण मला ते तीन आठवडे गिळता आले नाहीत. अजूनही पुरते गेलेले नाहीत, उगाच गोड बोलत नाही.

मंगळवारी मी व्हॅन सुरू केली तर एसीतून गार वारा आला. दोन उन्हाळे तो बंद होता. गावभरचे एसी दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोनं घाम पुसत व्हॅन चालवावी, यावर माझ्याबरोबरच्या ड्रायव्हरांनी मला पुरेसं छळलंय. तू पोरांना व्हॅनमधून नदीवर नेलंस तेव्हा दुरुस्त केलास म्हणे. डिलेनीनं सांगितलं, "डॅडी म्हणाले मम्मीला सांगू नको, तिला आपोआप कळेल." गप्प राहून चांगलंही करता येतं माणसाला, असं त्या वाऱ्यात बसून मला वाटलं. पण हे पण वाटलं की कधीतरी तोंडानं सांगावं माणसानं. तू सांगत नाहीस, तर मग मी तरी सांगते.

लुइव्हिलहून निघताना मी तुला म्हटलं होतं की व्हाऊचरच्या अटीत लिहिलंय, तिकडे पोचल्यावरही दोघांनी हजर राहायला हवं. मला तसंच वाटलं होतं. ती बारीक अक्षरं वाचून माझं डोकं फिरलं होतं. तू लगेच म्हणालास, "मग येतो मी. गाडी चालवीन, सोफ्यावर झोपेन. तोवर कागदावर काहीही झालेलं असलं तरी." आणि मालकाकडे रजासुद्धा मागून ठेवलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. काल तारखा पक्क्या करायला मी त्या कंपनीत फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, तसं काही नाही हो, एक मोठं माणूस ओळखपत्र घेऊन आलं की पुरे, दुसरं कुणीही चालेल, नाहीतर कुणी नसलं तरी चालेल. म्हणजे मी माझ्या बहिणीला नेऊ शकते. एकटीसुद्धा जाऊ शकते, साठ पोरं सांभाळणारीला दोन जड नाहीत.  तुला हे सांगितलंच नसतं तर ऑक्टोबरात तू आपसूक आला असतास, आणि तुला कधी कळलंही नसतं. खरं सांगते, मनात आलं होतं. पण मग तुझा डबा आणि माझी ही अट यांत फरक काय राहिला? म्हणून लिहितेय. तुला यायची सक्ती नाही, वेंडेल. ना कंपनीची, ना न्यायाधीशाची, ना पोरांसाठीची. तू यावंस असं मला वाटतं, आणि ते माझ्यासाठी वाटतं. वीस ऑगस्टची तारीख पुढे ढकलता येते का, हे मी माझ्या वकिलाला अजून विचारलेलं नाही. त्याला काय सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवू, जमतं आपल्याला ते. याचं उत्तर फोनवर देऊ नकोस, फोनवर तू नुसतं "हं" करतोस. रविवारी पोरांना सोडायला येतोस तेव्हा रस्त्याच्या कडेला इंजिन चालूच ठेवून बसतोस ना, ते या वेळी नको. स्वयंपाकघराच्या चौकटीवर कोल्बीच्या उंचीच्या रेघा तू गेलास तिथंच थांबल्या आहेत. मी मारायला घेतली की तो टाचा उचलतो आणि मला ओरडावंसं वाटत नाही. तुझ्यासमोर तो सरळ उभा राहतो. तेव्हा ट्रक बंद कर आणि आत ये.

तुझीच, कागदावर वीस ऑगस्टपर्यंत आणि पुढचं तू आत आलास की बघू,
मार्ला