चौतीस वर्षांचा धाकटा

वरकुटे,
२ डिसेंबर १९९७

प्रिय सुकू,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आपल्या शाळेतली नवी बाई, माधवी, दर शनिवारी इंदापूरला माहेरी जाते. तिच्याकडे दिलं आहे आणि तुझ्याच हातात द्यायला बजावलं आहे. आजवरची माझी सगळी पत्रं मी तुझ्या सासूबाई आधी वाचतील असं धरून लिहिली. त्यात पाऊसपाणी असायचं, शेळ्या व्याल्याची खबर असायची आणि शेवटी 'चि. भीमा मजेत आहे, ताईची आठवण काढतो' ही ओळ असायची. त्या ओळीपाशी आलं की पेन अडायचं. हे पत्र मात्र तू एकटीने वाच, आणि वाचून झाल्यावर लपवू नकोस.

आधी कामाचं लिहिते. पोटात गाठ निघाली आहे. मला संक्रांतीच्या आत बारामतीच्या दवाखान्यात दाखल व्हायचं आहे, आणि तिथलं सगळं उरकून उभं राहायला दोन महिने तरी लागतील. तेवढे दिवस तुझ्या दादाला तुझ्या घरी ठेवून घे.

दादा लिहिलं खरं. हा शब्द आपल्या घरातून मी काढला, नऊ वर्षांपूर्वी. तुला बघायला इंदापूरची माणसं आली त्या दिवशी मी भीमाला सकाळीच मागच्या पडवीत बसवलं होतं. पुढ्यात एसटीचं जुनं वेळापत्रक दिलं होतं, म्हणजे दोन-तीन तास तो हलणार नाही. पण पोह्यांच्या बशा वाजल्या आणि तो उठून पुढे आला. पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी, कारण लांब पँट पायाला टोचते म्हणून तो घालायचाच नाही. ओठावर मिसरूड नाही. चवड्यांवर चालत आला आणि कुणाकडे न बघता पोह्यांतले शेंगदाणे वेचून खाऊ लागला. तुझ्या सासूबाई, मुक्ताबाई, हसल्या. "ह्यो धाकटा का? कितवीला हाय?" मी तोंड उघडलं होतं. पण माझ्या आधी तुझा सिद्धूमामा बोलला, "धाकटाच की. औंदा धाव्वीला हाय. लाडावलाय जरा." आणि मी मान हलवली. बोलले नाही, नुसती मान हलवली. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि तू एकोणीस.

मामाला बोल लावत नाही. थोरला भाऊ चोवीस वर्षांचा, लग्न नाही, काम नाही, नजरेला नजर देत नाही, असं सांगून कुणाची सोयरीक झाली असती? तुझी आधीची दोन स्थळं त्याच्यामुळेच परतली होती. ते मी तुला सांगितलं नव्हतं, पण तुला कळलं होतं. त्या दिवसापासून तू त्याला दादा म्हणणं सोडलंस. मला सांगावंही लागलं नाही. तू मुकाट्याने सोडलंस, आणि त्याचा मला जास्त त्रास झाला.

लग्नात कानपिळीला तर देवानेच आपल्याला हात दिला असं मला वाटलं. त्याला एवढंच सांगितलं होतं की नवरदेवाचा कान पीळ. सोड असं कुणी सांगितलं नव्हतं. विजयसिंहरावांचा कान लालभडक झाला तरी याने सोडला नाही. सगळा मांडव हसत होता, "पोर हाय, पोर हाय," म्हणत चौघांनी मिळून त्याची बोटं सोडवली. मीही हसले. निभावलं, असं मनात म्हणाले. खोटं एकदा बोललं की संपलं असं मला वाटायचं. ते वर्षावर्षाने वाढतं आणि त्याला खाऊ घालावं लागतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

तुमच्या घरच्या समजुतीप्रमाणे तो आता पंचवीस वर्षांचा आहे. दिवाळीत मुक्ताबाई आल्या तेव्हा अंगणात बसून काय म्हणाल्या ते तू ऐकलंस. "विहीणबाई, भीमाला आता पोरगी बघाया पायजे. का मिशा फुटायची वाट बघताय?" सगळे हसले. तू चुलीपाशी गेलीस. मी म्हटलं, "बघू की, घाई काय हाय." त्या यायच्या आदल्या दिवशी मी त्याचे केस कापले होते. न्हाव्याच्या मशीनचा आवाज त्याला सोसत नाही, म्हणून मीच कात्रीने कापते. डाव्या कानामागे पांढरे केस दिसले, दहा-बारा. मी ते मुळापाशी कापले, एकेक. तो हूं हूं करत शांत बसला होता. आपण कोणाच्या अंगावरून काय काढून टाकतो आहोत असं मनात आलं, तरी हात थांबला नाही.

तू लोकांना कौतुकाने सांगतेस की माझी आई शाळेत न जाता वाचायला शिकली. खरं सांगायचं तर मला त्याने शिकवलं. चार वर्षांचा होईपर्यंत तो एक शब्द बोलला नव्हता. तुझे आबा होते तेव्हा, ते मेंढरं घेऊन कोकणात उतरले की आम्ही दोघंच घरी, आणि तो लोकरीच्या ढिगात तोंड खुपसून पडलेला. एक दिवस फाट्यावर एसटी आली आणि त्याने पाटी वाचली, "बारामती इंदापूर, निमगाव केतकी मार्गे." आई म्हणायच्या आधी हे म्हणाला. तो अक्षरं कुठे शिकला ते मला आजतागायत कळलेलं नाही. मग तो पाट्या वाचायचा आणि मी त्याच्या बोटामागे बोट फिरवायची. त्याच अक्षरांवर मी पुढे ग्रामपंचायतीच्या वाचनालयातली दोन कपाटं संपवली.

त्याच वाचनालयात गेल्या वर्षी एका जुन्या अंकात एका डॉक्टरीणबाईंचा लेख सापडला. स्वमग्न मुलं, असं नाव होतं. मी उभ्याउभ्या वाचला, मग खाली बसून परत वाचला. चवड्यांवर चालणं, कानावर हात ठेवणं, एकच गोष्ट तासन्‌तास, सगळं आपलंच लिहिलेलं. देवऋषी ठमाबाईने उतारा करायला सांगितलं तेव्हाचे कोंबडे आठवले, तुझ्या आज्जीने मला लावलेले बोल आठवले. पण सुकू, तो लेख बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचा होता. पुढे या मुलांचं काय होतं, ती म्हातारी होतात का, त्यांच्या आया मरतात तेव्हा ती कुठे जातात, एक ओळ नव्हती. जशी काही ती मोठी होतच नाहीत.

आपला तर खरंच मोठा झाल्यासारखा दिसत नाही. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. माणूस दिवसभर दुसऱ्याला दाखवायला तोंड हलवत असतो, खोटं हसतो, कपाळाला आठ्या घालतो, लाजतो, मिनत्या करतो. त्याच्या घड्या पडतात. याने यातलं काहीच केलं नाही. चेहरा घडी न मोडलेल्या धोतरासारखा राहिला. हात मात्र बघ त्याचे. ते माझ्यासारखेच भेगाळले आहेत. आणि लोकही त्याला मोठा होऊ देत नाहीत. कंडक्टर अजून "बाळा, सरक की आत," म्हणतो. दुकानदार गोळी हातावर ठेवतो. त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरं त्याला अरेतुरे करतात.

त्याचा फायदा मी घेतला हेही कबूल करते. पाव्हण्यांना फसवलं ते एक. दुसरं कालपरवाचं आहे. गाठीचं कळल्यावर मी त्याला घेऊन पुण्याला एका संस्थेत गेले. तिथे अशी मुलं ठेवून घेतात. टेबलावरची बाई चांगली होती. म्हणाली, "अठराच्या आतलेच घेतो हो आम्ही. याचं वय काय?" मी म्हटलं, सतरा. तिने विश्वास ठेवला. अर्ज ओढला. मग सहज त्याच्याकडे बघून विचारलं, "वाढदिवस कधी असतो रे तुझा?" तो खिडकीकडे बघत म्हणाला, "एकवीस ऑगस्ट एकोणीसशे त्रेसष्ट, बुधवार." बाईने पेन खाली ठेवलं. रागावली नाही. "आजी, माझ्या हातात नाही," एवढंच म्हणाली. परतीच्या गाडीत माझ्या एक लक्षात आलं. तुझ्या सासरी नऊ वर्षांत त्याला त्याचं वय कुणी विचारलंच नाही. विचारलं ते तुला आणि मला. त्याला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी खरं कळलं असतं.

शेजारच्या फुलाकाकूला विचारलं, ठेवून घेशील का. ती म्हणाली, "ऱ्हाईल की गोठ्यात, म्हशींसंगं. दोरीचं तेवढं बघावं लागंल, फाट्याकडं पळतोय त्यो." ती वाईट मनाने बोलली नाही. म्हणून जास्त भीती वाटली.

म्हणून तुझ्याकडे आले. आणि तुझ्या घरात त्याला पंचवीस वर्षांचा म्हणून ठेवता येणार नाही. चार दिवसांची गोष्ट असती तर मी परत कात्री घेतली असती. पण तुला एक सांगते, खरं सांगण्याची भीती मला माझ्या अब्रूसाठी नाही. तो स्टँडवर बायकांच्या घोळक्यात जाऊन उभा राहतो, कुणाच्या लुगड्याचा काठ बोटाने चाचपतो. बायका म्हणतात, "सोड रं लेकरा," आणि विसरून जातात. तोच हात चौतीस वर्षांच्या माणसाचा आहे असं कळल्यावर त्या काय म्हणतील? आजवर त्याला त्याच्या चेहऱ्याने सांभाळलं आहे, मी नाही. वय सांगितलं की ते छप्पर मीच उतरवणार. तुझ्या जावा पदर सावरून बसतील. मुक्ताबाई म्हणतील, फसवलंत आम्हाला. त्यांचं बरोबरच असेल. तुला ऐकून घ्यावं लागेल, आणि तू काही केलेलं नसताना. याची माफी मागायला माझ्याकडे शब्द नाही, म्हणून मागत नाही.

तुला त्याच्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. ताटात भाजी आणि भात एकमेकांना लागू देऊ नकोस. मागून हात लावू नकोस, समोर येऊन नाव घे. लोकरीचं घोंगडं बरोबर देते, ते धुऊ नकोस. रडला तर कारण विचारू नकोस, शेजारी बस. आणि विजयसिंहरावांना सांग, तो गाडीच्या वेळा कधी चुकत नाही. त्यांना दौंडला जायचं असलं की वेळ त्यालाच विचारावी. त्याला कुणी काही विचारलं की बरं वाटतं. चेहऱ्यावर दिसत नाही, पण वाटतं.

आता राहिलेलं. गेल्या मंगळवारी बारामतीला रिपोर्ट घ्यायला गेलो. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरोबर मोठं कुणी आलं नाही का? बाळ, तू जरा बाहेर बस." मी म्हटलं, हा माझा मुलगा आहे, चौतीस वर्षांचा, याच्याहून मोठं मला कुणी नाही, काय ते दोघांना सांगा. परक्या माणसापुढे त्याचं खरं वय मी इतक्या वर्षांनी आपणहून बोलले. मग डॉक्टरांनी सांगितलं. सुकू, वर मी दोन महिने लिहिलं ते खोटं आहे. हात सवयीनं तिकडे गेला. ऑपरेशन नाही. तुला तर ठाऊक आहे, एखादं वाक्य त्याच्या कानात बसलं की तो ते दिवसेंदिवस त्याच आवाजात म्हणत राहतो. परतताना भरल्या एसटीत, खिडकीबाहेर बघत, डॉक्टरांच्या आवाजात तो म्हणाला, "गाठ पसरली आहे. आता कापून उपयोग नाही. चार महिने, फार तर सहा." कंडक्टर हसला, "काय रं बाळा, पिच्चरमधलं बोलतोस व्हय?" तेव्हापासून रोज तीन-चारदा म्हणतो, बहुतेक जेवायला बसल्यावर. त्याला अर्थ कळला आहे का, मला ठाऊक नाही. पुढच्या सोमवारी सकाळच्या गाडीने मी त्याला घेऊन येते. मुक्ताबाईंपुढे बसून वय मीच सांगेन, तू मध्ये बोलू नकोस. त्या नाही म्हणाल्या तर मी त्यांच्या पाया पडेन, कारण मला दुसरं दार नाही. त्या हो म्हणाल्या तर तो तुमच्या पंगतीत बसेल आणि पहिला घास घ्यायच्या आधी ते वाक्य म्हणेल. तुला ते तसं कळू नये म्हणून हे पत्र लिहिलं. तो म्हणाला की त्याला गप्प करू नकोस, ताटावरून उठूही नकोस. 'ऐकलं' एवढं म्हण. मी तेच म्हणते. मग तो थांबतो आणि जेवतो.

तुझीच,
आई