साडेचौदा किलो कीस

मी, कामिनी गिरधर फेगडे, वय ६९, अविवाहित, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार जळगाव, हा कागद माझ्या हाताने, माझ्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. माझ्या बुद्धीबद्दल पुढे एकाला शंका येणार आहे, म्हणून डॉ. स्वप्नील सरोदे यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी बुद्धीबरोबर माझी पकडही तपासली. मुठीत दाबायच्या यंत्रावर माझा काटा छत्तीस किलोवर गेला, डॉक्टरांचा चौतीसवर थांबला. त्यांचे वय एकेचाळीस आहे. यंत्र बिघडले असेल, असे म्हणून त्यांनी पुन्हा दाबले. तेहेतीस.

१. सन २०१९ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी सर्व काही माझा भाचा ललित ज्ञानेश्वर फेगडे, राहणार धुळे, याच्या नावे केले होते. त्या दिवशी मी शुद्धीवर होते का, याची आता मलाच शंका आहे.

२. माझी सर्वांत मोलाची वस्तू घर नाही, दागिने तर नाहीतच. ती एक लोखंडी दांडा आहे. तो काय होता हे लिहून ठेवणे भाग आहे, कारण सहा वर्षे व्यायामशाळा चालवणाऱ्या ललितलाही ते समजलेले नाही.

सन १९७१ मध्ये मी कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी होते आणि कबड्डी खेळत होते. धुळ्याच्या मैदानावर एका मुलीचा घोटा माझ्या हातातून निसटला आणि सामना गेला. आमच्या सिस्टरचे म्हणणे पडले की बरे झाले, सभ्य मुली लोकांचे पाय धरत नाहीत. माझे वडील भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारे कारागीर, होते. महिन्याभराने भंगाराच्या लिलावातून घेतलेला एक भरीव गज त्यांनी लेथवर साफ करून आणला. लांबी सात फूट, जाडी दोन इंच, वजन चौतीस किलो.

"नाना, हा मुठीत मावतच नाही," मी म्हणाले.

"नाहीच मावायचा. बोट अंगठ्याला टेकलं की हाड काम करतं. टेकलं नाही की हात काम करतो."

एवढेच त्याचे शास्त्र. बारीक दांड्यावर माणूस जे पाठीने उचलतो, त्यातले निम्मे जाड दांड्यावर जमीन सोडत नाही, कारण बोटे आधी उघडतात. दुसऱ्या वर्षी धुळ्याला एकही घोटा सुटला नाही.

याच दांड्याने माझे लग्नही मोडले. पाचोऱ्याचे पाहुणे आले होते. मुलाच्या आईने माझा तळवा उलटून पाहिला आणि घट्टे बघून विचारले, "हिला धुण्याभांड्याला जुंपता वाटतं?" नाना म्हणाले, "नाही हो. ही तुमच्या मुलाएवढं वजन उचलते. हवं तर बोलवा त्याला." पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. मला त्या चहाचेही वाईट वाटले नाही.

३. आता किळसवाणा भाग. गेल्या ऑक्टोबरात पित्ताशयातले खडे काढायला मी चार दिवस दवाखान्यात होते. घराची किल्ली ललितकडे होती. खडे काढायला गेलेली बाई घरी परत येते, हे त्याला ठाऊक नसावे. मी आले तर, काही कष्टकरी बायका माझ्याकडे वजने उचलायला येतात त्या मागच्या खोलीच्या भिंतीला जांभळा रंग, समोर छतापर्यंत आरसा आणि दारावर त्याच्या व्यायामशाळेच्या नावाची पाटी, खाली "जळगाव शाखा". आणि माझा दांडा मधोमध झिजलेल्या साबणासारखा झालेला.

"आत्या, सरप्राइज!" तो म्हणाला. "पकडायला सोपा करून आणला. लेथवर घातला. आता बघ कसा बसतो मुठीत."

"ललित, तो जाड का होता?"

"जुन्या काळी बारीक मिळत नसतील."

मी खुर्चीवर बसले. टाके ओढत होते म्हणून नव्हे.

"आणि या खोलीत येणाऱ्या बायका?"

"त्यांना सवलतीत देऊ ना. पण मांडे करणाऱ्या बायकांना घेऊन ब्रँड होतो का आत्या? लोकांना आरसा लागतो."

हा मुलगा मनगटाला पट्टे गुंडाळून एकशे ऐंशी किलो उचलतो आणि त्याची चित्रफीत काढतो. पट्टे सोडले तर त्याच्याच्याने माझी लोणच्याची बरणी उघडत नाही. त्याआधीच्या दिवाळीत ती मी उघडून दिली. तेव्हाच हा कागद लिहायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या लेथवाल्याकडे गेले. कौतिक पवार, मूळचे दोंडाईच्याचे, हाताला सच्चे. मी भांडायच्या तयारीने गेले होते.

"ताई, मी त्याले तीन डाव ईचारं, बाईले माहीत शे का? तो म्हने, आत्यानीच सांगेल शे."

"आणि निघालेला कीस?"

त्यांनी कोपऱ्यातली गोणी दाखवली, सगळा कीस तिच्यात होता. "बठ्ठा ठेवेल शे. असं लोखंड आते कोठे भेटस? भंगारमा टाकाले हात व्हयना नही."

आम्ही गोणी काट्यावर ठेवली. साडेचौदा किलो. नानांचा दांडा आता साडेएकोणीस किलोचा उरला आहे. कौतिकभाऊंवर माझा राग नाही, हे मुद्दाम नोंदवते. माणसाच्या आत्याचे नाव घेतल्यावर कोणीही फसेल.

४. मागची खोली, तिचे बोळातले स्वतंत्र दार, त्यातला जाड मुठीच्या डंबेलचा जोड, दोरीला वजन टांगून मनगटाने गुंडाळायचा दांडका, लोखंडी तबकड्या आणि वरील दांडा, हे सर्व मी वच्छलाबाई पुना सोनवणे, मूळ राहणार जामनेर, हल्ली जळगाव, यांना कायमचे देते.

वच्छलाबाई लग्नाकार्यात पुरणाचे मांडे करतात. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नात त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या आणि खापरावर टाकताना लागोपाठ तीन मांडे फाटले. यजमानीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हात गेला हिचा, दुसरी बघा." वच्छलाबाई माझ्या दारात आल्या, तेव्हा रडत नव्हत्या, संतापलेल्या होत्या. मला तेच आवडले. पहिल्याच दिवशी त्यांनी नुसता दांडा गुडघ्यापर्यंत उचलला.

"मॅडम, येवढं काय त्यात? पाच किलो कणीक तिंबून पाहा तुम्ही एकदा."

मी तिंबून पाहिली. दोन दिवस मला चमचा धरता आला नाही.

आता त्यांच्यासह अकरा जणी येतात. कोणी कापूस वेचतात, कोणी केळीच्या फण्या धुऊन खोक्यात भरतात. सगळ्यांचे पोट हातावर आहे, म्हणजे खरोखरच हातावर. आरशासमोर त्यांना काही काम नाही. खोली गेली तर त्या कोठे जाणार, हा एकच प्रश्न मला सतावत होता, आणि त्याचे उत्तर मला वकिलाने दिले नाही.

दांड्याची ती अवस्था पाहून वच्छलाबाईंनी शिवीगाळ केली नाही. ती मी केली होती. त्यांनी माझ्या शाळेच्या जुन्या सुती साड्या मागितल्या, त्यांच्या पट्ट्या फाडल्या, ओल्या करून पिळल्या आणि दांड्यावर थरावर थर आवळून सुतळीने बांधल्या. मग मूठ धरून बघितली.

"बोटं टेकली नाई पायजेत ना मॅडम? मंग. नाई टेकत."

मोजला, तर पूर्वीपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, जाड भरला. वजन गेले ते तबकड्यांनी भरून काढता येते. जाडी त्यांनी परत आणली. शास्त्र कोणाला कळले आणि वारसा कोणाकडे जावा, हे मी त्या क्षणी ठरवले.

अट एकच: त्या खोलीत पट्टे चालणार नाहीत. आरसा मी काढून ठेवला आहे, तो विकून चुना आणावा. जांभळा रंग बघून मला मळमळते.

५. खोली वगळून उरलेले घर, बँकेतील ठेवी आणि आईच्या पाटल्या माझी भाची मयुरी, राहणार पाचोरा, हिला देते. ती ललितची सख्खी बहीण आहे, हा तिचा दोष नाही. मी दवाखान्यात असताना तिने रोज डॉक्टरांना फोन केला, खोलीची मापे घेतली नाहीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. भाऊ रडेल. रडू द्यावे.

६. माझ्या शाळेच्या माजी मुख्याध्यापकांनी तीस वर्षांपूर्वी मुलींसाठी वजने घ्यायला नकार दिला होता. "हात राठ होतील, लग्ने जमणार नाहीत," हा त्यांचा शेरा माझ्याकडे आहे. तो चौकटीत बसवून मागच्या खोलीत लावावा, आरसा होता त्याच खिळ्यावर.

७. ललितला मी विसरलेली नाही. तसे तो कोर्टात म्हणेल, म्हणून स्पष्ट लिहिते. नानांच्या दांड्याचा साडेचौदा किलो कीस, गोणीसह, मी त्याला देते. त्याने तो माझे नाव सांगून काढवला आहे. तो त्याचाच आहे.

८. सह्यांपूर्वी मी तो दांडा, दोन्ही बाजूंना दहा-दहा किलो लावून, दोन्ही साक्षीदारांसमोर तीनदा जमिनीवरून उचलणार आहे. त्यामुळे माझ्या सहीची शेवटची रेघ हलेल. ती वयाने हललेली नसेल. त्या रेघेवरून ज्याला भांडायचे असेल, त्याने आधी तेवढेच तीनदा उचलावे, पट्टे सोडून.

स्थळ: जळगाव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) कामिनी गिरधर फेगडे

वरील बाईंनी आमच्यासमोर हा कागद मोठ्याने वाचला, दांडा उचलला आणि सही केली. आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉ. स्वप्नील सरोदे, जळगाव. (उचलण्यास मी वैद्यकीय कारणाने मनाई केली होती. ऐकले नाही.)

साक्षीदार २: कौतिक पवार, लेथ कारागीर, जळगाव. (सांगितल्याप्रमाणे लिहिले: गोणी मन्हाकडे शे. ललितभाऊनी लेवाले येताना रिक्षा आनवी, हातमा झेपाव नही.)