सोबतीचा कोर्स

कळंब
शनिवार, ११ जानेवारी २०२५

प्रिय कडू,

नमस्कार. संक्रांत तोंडावर आलीय, म्हणून तिळगूळ आत्ताच घे. तू, कृष्णराज, शिवांजली आन बाळ सगळी बरी असाल. इथं यंदा थंडी लई हाय. येळवशीची अवस झाली, रानातली पूजा यंदा घरनंच केली. दर वर्षीसारखं द्वारकाबाईच्या शेतात गेलो न्हाय, त्याचं कारण पुढं येईलच. घरीच आंबील केली, भज्जी केली, आन तुझ्या वाटणीची लक्ष्मम्मानं खाल्ली. वर म्हणते कशी, "कडूअक्का असती तर मला एवढी मिळाली नसती."

फोन सोडून पत्र का, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. तुझा फोन सून स्पीकरवर लावते, बाळ मधीच बटण दाबतं, आन तू "हां, बोल गं, ऐकू येतंय" म्हणत राहतीस. असल्यात मला बोलणं सुचत न्हाय. तर सरळ लिहिते. येत्या एकवीस तारखेच्या आत तू कळंबला ये. मंगळवार हाय. आठ-दहा दिवस राहायच्या तयारीनं ये. आपल्या सोबतीच्या मंडळाचं काम हाय, आन तुझ्याशिवाय ते होण्यासारखं न्हाय.

आता मंडळाचं ऐक. सचिव मी, खजिनदार मी, सतरंजी झाडणारी बी मीच. तू सहा महिन्यांचं सांगून पुण्याला गेलीस ती गेलीसच. तू गेल्यावर पुण्याच्या महासंघानं, सगळ्या मंडळांच्या वरच्यानं, फर्मान काढलं. दवाखान्यात पेशंटसोबत जाणाऱ्या प्रत्येक बाईनं ऑनलाइन कोर्स पास व्हायचा, पदाधिकाऱ्यांनी आधी. कार्डं आधीच वाटली, पण पास न्हाय तर कार्ड परत. आन कार्ड नसलं तर वॉचमन गेटातून आत सोडत न्हाय, एवढी कडक व्यवस्था झालीय सगळीकडं.

माझ्या घरात रेंज येत न्हाय हे तुला माहीतच हाय. मग गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसायची. पडद्यावर एक कोटवाली पोरगी येते, "चला तर मग, जाणून घेऊया" म्हणते, आन काही जाणून घ्यायच्या आत फोन गोल गोल फिरायला लागतो. व्हिडिओ पुढं ढकलता येत न्हाय. जरा डोळा लागला की विचारतो, "तुम्ही अजून इथे आहात का?" आहे गं माय, जाते कुठं.

व्हिडिओतला दवाखाना बघितला असतास तर तू पोट धरून हसली असतीस. कुंड्या काय, पडदे काय. पेशंट इस्त्रीचा सदरा घालून पडलाय. जमिनीवर कुणी झोपलेलं न्हाय, कुणाची सलाइन संपलेली न्हाय, आन नातेवाईक म्हणून एकच माणूस, तो बी खुर्चीवर.

व्हिडिओ झाला की परीक्षा. "रुग्ण रडत असल्यास आपण काय कराल?" मी पाठीवर हात ठेवीन ह्याच्यावर टिचकी मारली. लाल फुली. आधी परवानगी विचारायची म्हणे. "रुग्णाने घरचे जेवण मागितल्यास?" डबा आणीन. लाल फुली. संबंधित कर्मचाऱ्यांना कळवायचं. "रुग्णाने आपला खाजगी नंबर मागितल्यास?" आता आपण तर नंबर न मागता द्यायचो. फुली. तीस वर्षं बालवाडीत लेकरांना मार्क दिले मी, कडू, आन पहिल्या परीक्षेत स्वतः नापास झाले. दुसऱ्या वेळी मनाच्या उलट टिचक्या मारत गेले, तशी पास झाले.

सगळ्यात जड गेला तो 'मर्यादा आणि जबाबदारी' नावाचा कोर्स. त्यात एकच गोष्ट घोळून घोळून सांगितलीय. दवाखान्याच्या कागदावर नातेवाईक म्हणून सही करायची न्हाय, नातं सांगायचं न्हाय. कुणी विचारलंच तर म्हणायचं, "मी नातेवाईक नाही, मी स्वयंसेवक आहे."

आपलं मंडळ तर त्याच एका खोटेपणावर उभं होतं. तेर गावची ती बाई आठवते? तुझे मालक वॉर्डात होते तवा शेजारच्या खाटेवर एकटी पडलेली. सिस्टर येऊन खेकसली, "हिच्यासोबत कोण हाय?" आन तू तोंडातला घास तसाच ठेवून म्हणालीस, "मी हाय, धाकटी जाऊ." तिथनं सुरू झालं आपलं. तू जाऊ, मी बहीण, लक्ष्मम्मा वहिनी, द्वारकाबाई मावशी. जातपात, गाव, काही जुळत नसायचं, पण कुणी कधी दुसऱ्यांदा विचारलं न्हाय.

महासंघाचं बी चुकलं असं मी म्हणत न्हाय. कुठंतरी एका स्वयंसेविकेनं लेक म्हणून सही केली, पेशंट दगावला, आन खऱ्या लेकी भांडत आल्या. त्यांना नियम करावाच लागला. मला ते पटलं होतं, म्हणूनच मी हट्टानं शिकवलं. मठात दर सोमवारी सगळ्यांना बसवून फोन हातात दिले. "मी नातेवाईक नाही, मी स्वयंसेवक आहे" हे बालवाडीच्या गाण्यासारखं म्हणून घेतलं. ज्यांची जीभ सवयीनं "बहीण हाय" म्हणायची त्यांना मी टोकलं. कितीजणींना पडद्यावरचं वाचता येईना, टिचकी भलतीकडंच पडायची. शेवटी ज्या पास झाल्या न्हाईत त्यांची कार्डं मी स्वतः गोळा करून पुण्याला पाठवली. द्वारकाबाईचं बी. म्हणून यंदा येळवशीला तिच्या शेतात बोलावणं न्हाय.

पास झालो दोघीच. मी आन लक्ष्मम्मा. ती उमरग्याकडची, कानडीत वाढलेली, मराठी वाचताना अजून अडखळते, पण पाठांतर पक्कं. प्रश्न मी वाचायची, उत्तर ती द्यायची. पास झाली तवा मठाच्या ओसरीवर तिनं माझे पाय धरले.

कडू, मंडळाचं काम हाय असं वर लिहिलंय ते खोटं न्हाय, पण अर्धंच हाय. दिवाळीपासून माझं पोट दुखतंय. गर्भाच्या पिशवीपाशी गाठ हाय. मोठ्या दवाखान्यात दाखवलं, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, काढायला लागंल, आन वाट बघण्यातली गाठ न्हाय ही. मी विचारलं, कसली? तर म्हणाले, काढल्यावर कळंल. त्यांच्या तोंडावरून मला जे कळायचं ते कळलं.

परवा भरती व्हायला गेले. सोबत लक्ष्मम्मा. गळ्यात कार्ड, वेणी घट्ट, नवं लुगडं. मला खाटेवर निजवलं, तोच सिस्टर कागद घेऊन आली आन तिला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

लक्ष्मम्मा उठून उभी राहिली. कार्ड पुढं धरलं आन म्हणाली, "मी नातेवाईक नाही, मी स्वयंसेवक आहे."

एक अक्षर चुकलं न्हाय तिचं. म्हणून झाल्यावर माझ्याकडं बघितलं, पाठ म्हणून दाखवलेलं लेकरू बघतं ना, तसं. तिला शाब्बास म्हणावं का गळा काढावा, मला कळंना. मी म्हणलं, "सिस्टर, बहीण हाय ती माझी." सिस्टर म्हणाली, "बाई, आत्ता त्या स्वतः न्हाय म्हणाल्या. कार्डावर बी तेच लिहिलंय. सही करायला आन ऑपरेशननंतर राहायला घरचं माणूस घेऊन या, एकवीसची, मंगळवारची तारीख देते." ती वाईट न्हाय बोलली. तिची बी नोकरी हाय.

बसमधी लक्ष्मम्मा रडत होती. "अक्का, म्या काय चुकले?" एवढंच विचारत होती. मी म्हणलं, काही चुकली न्हाईस. आन खरंच काही चुकली न्हाय ती.

माझं माहेरचं कुणी उरलं न्हाय. मूलबाळ न्हाय, तुला ठाऊकच हाय. ढोकीला दिरांना, वीरप्पांना, फोन केला. म्हणाले, "वहिनी, उसाला तोड आलीय, ट्रॅक्टर दारात उभा हाय, हंगाम झाल्यावर बघू." मग जीव मुठीत धरून द्वारकाबाईकडं गेले. ती ज्वारी निवडत बसली होती. उठली न्हाय. म्हणाली, "मला कुठं येतंय गं सोबत करायला? म्या तर नापास हाय." मी अंगणातूनच परत फिरले. बाकीच्यांच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ? त्यांची कार्डं बी माझ्याच हातानं गेलीत.

तुझ्याकडं कार्ड न्हाय. तू कुठला कोर्स केलेला न्हाईस. तू जाऊ म्हणालीस की जाऊ. ये कडू. मला भीती वाटते. इतक्या जणांच्या उशाशी बसले, पण खाटेवर पडल्यावर कसं वाटतं ते कधी कळलं नव्हतं. परवा त्या वॉर्डात कळलं.

बाळाला पापा. वाट बघते.

शिवगंगा

*

कळंब
रविवार, २६ जानेवारी २०२५

प्रिय कडू,

तुझा फोन आला त्याच्या आदल्या दिवशीच तुला माझं पत्र मिळालं होतं, असं तू म्हणालीस. फोनवर बाळ रडत होतं, शिवांजली मागनं म्हणत होती की रजा मिळत न्हाय, पाळणाघरात ताप पसरलाय. तू म्हणालीस, "बघते गं. काहीतरी करते." तुझा आवाज ऐकला तवाच मला कळलं होतं. तरी मंगळवारी पहाटेच पिशवी भरून स्टँडवर जाऊन बसले. पुण्याची गाडी आली, तिच्यातली माणसं उतरली. मग दुसरी आली. लक्ष्मम्मा शेजारी बसली होती, तिनं चहा आणला, तो तसाच गार झाला. दुपार झाल्यावर घरी आलो.

तुला दोष देत न्हाय. लेकराचं लेकरू सांभाळणारी बाई कुठं हलू शकती, एवढं मला कळतं. पण राग आला न्हाय असं बी न्हाय. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात लई भांडले. आता तेवढं बी उरलं न्हाय.

लक्ष्मम्मा रोज येते. म्हणते, दुसरा दवाखाना बघू, तिथं म्या बहीण म्हणून सही करते, कार्ड घरी ठेवते. मी बघू म्हणते आन कूस बदलते. पुन्हा पहिल्यापासून तपासण्या, रांगा, तेच सगळं. मला आता उठवत न्हाय, कडू. दुखणं वाढलंय ते वेगळंच. वीरप्पांचा ऊस अजून रानात हाय.

महासंघाला कळवलंय की कळंबचं मंडळ बंद करा. त्यांनी लगेच उत्तर दिलं. माझ्या कामाबद्दल आभार मानलेत, आन पद सोडताना करायचा एक छोटा कोर्स असतो, तो पाठवलाय. उघडला न्हाय.

काल संध्याकाळी दारात एक म्हातारे आले. महालिंगप्पा नाव सांगितलं, तेरजवळच्या वाडीचे. त्यांच्या बायकोला मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, लेक परमुलखात, सून न्हाय, आन बायकांच्या वॉर्डात ह्यांना राहू देत न्हाईत. कुणीतरी सांगितलं म्हणे, कळंबला शिवगंगाबाई म्हणून हायेत, त्यांच्याकडची बाई सोबत येते. स्टँडपासून चालत, विचारत विचारत आले होते. मी आतूनच बोलले. म्हणलं, "आप्पा, आता आमच्याकडनं कुणी येत न्हाय. मंडळ बंद झालं." ते "बरं बाई" म्हणाले. जरा वेळ उभे राहिले, मी पुढं काही बोलते का म्हणून. मग काठी टेकत गेले.

ह्या दारातून आजवर आपण कुणाला तसंच परत पाठवलं न्हाय. लक्ष्मम्मा घरात होती, ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी नुसतं "जा" म्हणले असते ना, तर ती पायात चप्पल न घालता त्यांच्या मागं धावली असती. मी म्हणले न्हाय. आन खरं सांगू का, मला म्हणावंसं वाटलंच न्हाय. ते गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत मी वाट बघितली, आता वाटंल, आता वाटंल. काही वाटलं न्हाय.

एवढंच तुला कळवायचं होतं. उत्तर पाठवायची घाई करू नकोस.

शिवगंगा