स्वल्प हसिरु जास्ती

३ ऑगस्ट, रविवार
मशीन आलं. बंगळुराबाहेर होसकोट्यात एक फोटो स्टुडिओ बंद झाला, त्यांचा मोठा प्रिंटर. चव्वेचाळीस इंच रुंद कागद घेतो. सासूबाई आरामात मावतील.

चौघांनी वर चढवलं आणि पाहुण्यांच्या खोलीत ठेवलं. आता तिथल्या कपाटाचं दार हात जाईल इतकंच उघडतं. केतकी म्हणाली, तुझे सगळे कपडे त्यात आहेत. म्हटलं, हात जातो ना? (ही वहीही त्याच कपाटात ठेवणार. बायकोपासून सुरक्षित.)

संकल्प: २६ ऑक्टोबरला बेळगावात सासूबाईंची पंचाहत्तरी. त्यांचा पाच फुटी फोटो, मी स्वतः छापलेला. बाई मला आरंभशूर म्हणतात. सोलर कुकरच्या वेळी म्हणाल्या, मशरूमच्या वेळी म्हणाल्या. गिटारच्या वेळी काहीच बोलल्या नाहीत, नुसतं केतकीकडे बघितलं. तेच जास्त लागलं. तो शब्द पुसायचा. बाकी आयुष्याकडून काही नको.

९ ऑगस्ट
ओरिजिनल इंकचा भाव विचारला. दुकानदाराने आधी पाणी दिलं, मग सांगितला.

यशवंतपूरला गेलो. हयवदन नावाचा गृहस्थ कॉम्पॅटिबल इंक विकतो. बाटल्यांतून रिकाम्या कार्ट्रिजमध्ये भरायची, वर त्याच्याकडची चिप लावायची, की मशीनला वाटतं ओरिजिनलच आहे. शाईला काय माहीत बाटलीवर कुणाचं नाव आहे?

हयवदन म्हणाला, आधी स्वल्प न्या, बघा. मी आठही रंगांचे लिटर लिटर उचलले. माणसाने विश्वास टाकायला शिकावं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी होती. घ्यायला आलात तरी देणार नाही, म्हटलं. तो आणखी बरंच सांगत होता. मशीन बंद ठेवू नका, शाई घट्ट होते, रोज काहीतरी छापा. आणि या इंकसाठी वेगळं कलर प्रोफाइल करून घ्या, नाहीतर रंग सरकतात. मी मान हलवली. ऑटो थांबला होता.

घरात 'डुप्लिकेट' हा शब्द वापरायचा नाही, असं सर्वानुमते ठरलं. केतकी तेव्हा ऑफिसच्या कॉलवर होती.

१० ऑगस्ट
पहिला प्रिंट, माझाच फोटो. अप्रतिम. केतकी म्हणाली, हिरवट दिसतोयस. म्हटलं, झोप नीट झालेली नाही. मशीन बारकावे पकडतं.

नोझल चेक केला. म्हणजे प्रत्येक रंगाच्या बारीक रेघा छापून बघायच्या. सात रंग चोख. लाइट मॅजेन्टा, म्हणजे तो फिकट गुलाबी, जरा तुटक. मी टेस्टिंग मॅनेजर आहे. आठात सात पास म्हणजे आमच्याकडे सॉफ्टवेअर रिलीज होतं.

प्रोफाइल पुढच्या आठवड्यात करू.

१७ ऑगस्ट
पहिलं गिऱ्हाईक! खालच्या मजल्यावरचे गुरुराज अण्णा. त्यांच्या गृहप्रवेशाचा फॅमिली फोटो छापून दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाले, "सर, मुखा एल्ला स्वल्प हसिरु जास्ती."

लोक म्हणतात कन्नड अवघड. काय अवघड आहे? आपल्या सख्ख्या बहिणीसारखी भाषा. मुखा म्हणजे मुख. स्वल्प म्हणजे स्वल्प. जास्ती म्हणजे जास्ती. हसिरु म्हणजे हसरं. सगळे चेहरे जरा जास्तच हसरे आलेत! अकरा वर्षं बंगळुरात राहून क्लास लावला नाही, ते बरंच झालं.

मी म्हटलं, थँक्यू, हसिरुच पाहिजे. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. कलाकाराशी बोलायची सवय नसते लोकांना.

२६ ऑगस्ट
गणपतीला बेळगावला जायचं होतं. केतकी एकटीच गेली. माझा इलाज नाही, मशीन रोज चालवावं लागतं. गणपती वर्षातून एकदा येतो, नोझल रोज चोंदतं. केतकी म्हणाली, कुत्रं पाळलं असतंस तर निदान कुणाकडे ठेवता तरी आलं असतं.

रोज सासूबाईंचाच फोटो छापतो. सराव होतो आणि नोझलही वाहतं राहतं. हॉलमध्ये सासूबाई, डायनिंग टेबलवर सासूबाई. रोजचे तीनच शर्ट आलटून पालटून घालतो, कारण बाकीचे कपाटात लांब टांगलेत. व्हिडिओ कॉलवर बॉस म्हणाला, पार्श्वभूमीला कोण आहेत त्या, सतत बघत असतात. कॅमेरा बंद ठेवायचा असं ठरवलं.

६ सप्टेंबर
लाइट मॅजेन्टा अजून तुटक. हेड क्लीनिंग केलं. पुन्हा केलं. पुन्हा केलं. अर्धी बाटली संपली आणि कागदावर थेंब नाही. सगळी शाई मशीनच्या पोटातल्या स्पंजने प्यायली.

बाहेर पडलो. सिग्नलला ऑटोवाल्याला म्हटलं, चला की. तो शांतपणे म्हणाला, हसिरु बरली. बरली म्हणजे येऊ दे, तेवढं मला कळतं. हसू येऊ दे! भर सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये, मागून हॉर्न वाजत असताना. पुण्यातला रिक्षावाला असं बोलेल का? मी हसलो. लगेच ऑटो निघाला.

१४ सप्टेंबर
आज जरा खचलो. ओरिजिनल इंकच घालावी का, असं मनात आलं. हयवदनला फोन केला. तो म्हणाला, आता नळ्यांमध्ये आमचीच इंक आहे, सगळं धुवावं लागेल, आणि धुताना हेड गेलं तर माझ्याकडे यायचं नाही.

मशीन विकावं म्हटलं. एक जण बघायला आला. इंक कुठली विचारलं. सांगितली. चहा न घेता गेला.

म्हणजे पुढेही जाता येत नाही, मागेही नाही, आणि कपाटही उघडत नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली. पण वाईटातून चांगलं निघतं. मागचा रस्ता बंद झाला की माणूस आरंभशूर राहूच शकत नाही.

२८ सप्टेंबर
शोध लागला. दोष इंकमध्ये नाही, ट्यूबलाइटमध्ये आहे! खोलीत पिवळा बल्ब लावला. सासूबाई एकदम गोऱ्यापान, पिकल्या आंब्यासारख्या. सात आठवडे उगाच मशीनला बोल लावला.

प्रोफाइलची आता गरज नाही.

१२ ऑक्टोबर
आपल्या कामाला नाव हवं. बराच विचार केला आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या तोंडचाच शब्द घेतला. हसिरु. फोटोच्या खाली कोपऱ्यात मराठीत आणि कन्नडमध्ये. कन्नड अक्षरं फोनने करून दिली. अर्थही दाखवू का, असं फोन विचारत होता. नको म्हटलं, मला माहीत आहे.

केतकीला सांगितलं, ब्रँडचं नाव हसिरु ठेवलंय. तिच्या कानात हेडफोन होते. तिने अंगठा दाखवला.

१९ ऑक्टोबर
फायनल प्रिंट. पाच फूट! कागद बाहेर येत होता तेव्हा ऊर भरून आला. आधी केस आले, मग कुंकू (कुंकू जरा काळपट, पण वयानुसार तेच शोभतं), मग जरीचे काठ, आणि सर्वांत शेवटी खाली 'हसिरु'. दोन प्रती काढल्या, एक आपल्याला आठवण. बल्बखाली दहा मिनिटं बघत बसलो. आता म्हणा म्हणावं आरंभशूर.

गुंडाळून नळकांड्यात सीलबंद केला. केतकीलाही दाखवला नाही. सरप्राइज.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. केतकी सकाळच्या गाडीने बेळगावला गेली, फोटो घेऊन. मी परवा रात्रीच्या गाडीने निघणार, यशवंतपूरहून. आधीच गेलो असतो, पण मशीनला जितके कमी दिवस एकटं ठेवावं तितकं बरं.

दारात बूट घालताना केतकी म्हणाली, "फोटो नसता तरी चाललं असतं, श्रीरंग. तू ये. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळताना आईला तू शेजारी हवायस. तिने मुद्दाम सांगितलंय."

म्हटलं, येणार म्हणजे येणारच. फोटो नसता तरी चाललं असतं म्हणे! मत्सर असतो थोडा.

२५ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३
स्थळ: कपाट आणि प्रिंटर यांच्या मध्ये.

समारंभाला रेशमी कुडता हवा. तो कपाटात पार आत. हात पुरेना. मग चाकांचे लॉक काढून मशीन पुढे ढकललं आणि आत शिरलो. कुडता मिळाला. पण फरशीला खोलीभर उतार आहे हे बिल्डरने कधी सांगितलं नव्हतं. मशीन परत आलं. पोटापाशी बसलं. आता मला पुढे ढकलायला हात मागे घ्यावे लागतात आणि मागे कपाट आहे.

फोन पलीकडे चार्जिंगला. मघापासून वाजतोय. ही वही कपाटात होती म्हणून लिहितोय. गाडीला भरपूर वेळ आहे. घाबरायचं काही कारण नाही.

५.३०
गुरुराज अण्णांना हाका मारल्या. खाली प्रेशर कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत.

मशीनला एक जोरदार धक्का दिला. वर ठेवलेली लाइट मॅजेन्टाची बाटली पडली. झाकण सैल होतं. केस, चेहरा, कुडता. अडीच महिने ज्याची वाट बघितली तो लाइट मॅजेन्टा एकदाचा आला.

९, जेवणाच्या टेबलावरून
सुटलो. केतकी फोन करून थकली आणि तिने अण्णांना सांगितलं. आमची जादा किल्ली त्यांच्याकडे असते. ते आले तेव्हा गाडी सुटायची वेळ झाली होती. त्यांनी मशीन एका हाताने ओढलं.

माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, ईग केंपु. मला कळेना. त्यांनी माझ्या गालाला बोट लावून दाखवलं, केंपु. मग दाराच्या हिरव्या पडद्याकडे बोट केलं, हसिरु. मग टेबलावरच्या सासूबाईंकडे. हसिरु. मग हिंदीत समजावलं की सर, त्या दिवशीही मी तेच सांगत होतो, आमचे सगळे चेहरे हिरवे आलेत. ईग केंपु म्हणजे आता लाल, हसिरु म्हणजे हिरवा.



म्हणजे तो सिल्क बोर्डचा ऑटोवाला सिग्नल हिरवा व्हायची वाट बघत होता. आणि बेळगावात, जिथे मोलकरणीपासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना कन्नड येतं, तिथे उद्या सकाळी सासूबाई उलगडणार. खाली नाव लिहिलेल्या.

केतकीला फोन लावला, फोटो उघडू नकोस. लागत नाही. मेसेज केला. एकच टिक.

अण्णा म्हणाले, बसने जा सर, रात्रभर बस आहेत, मी सोडतो स्टँडवर. किती भला माणूस. मी गेलो असतो. पण हे तोंड घेऊन? तीनदा साबण लावला, अजून गुलाबी आहे. शिवाय मशीन आजच हललंय. नोझल बघायला हवं. नको म्हटलं. ते गेल्यावर मात्र जावंसं वाटलं. मग ते बोलवायला परत येतील म्हणून थोडा वेळ दार उघडं ठेवलं.

२६ ऑक्टोबर, रविवार
अकरा वाजता व्हिडिओ कॉल आला. कॅमेरा लावू की नको करत उचलला. हॉलमध्ये फोटो उभा केलेला. पाच फूट. तिथे पांढऱ्या ट्यूब आहेत, भरपूर. पोपटी म्हणावं की शेवाळी, मला ठरवता आलं नाही. खाली माणसं जमून वाचत होती.

केतकी रागावली नव्हती, हे जास्त वाईट. ती हळू आवाजात म्हणाली की कुणीतरी विचारलं, हा पर्यावरणाचा काही संदेश आहे का? तर आईने सांगितलं, होय, जावयाची कल्पना आहे, पंचाहत्तरीतही हिरवीगार राहा असं म्हणायचंय त्यांना. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एवढं झाकलं बाईंनी. माझ्यासाठी.

मग त्यांनी स्वतः फोन घेतला. मागे पंचाहत्तर दिव्यांचं ताट, एक पाट त्यांचा आणि शेजारी एक रिकामा, रांगोळी घातलेला. म्हणाल्या, "श्रीरंगराव, तुम्हाला मी आरंभशूर म्हणायची, ते मागं घेते. हे तुम्ही शेवटपर्यंत नेलासा."

मी गुलाबी तोंड कॅमेऱ्यातून जरा बाजूला घेतलं.

"पण फोटो कोण मागितलेलं ओ? मी तुम्हाला बोलावलेलं."

मी म्हणालो, मशीन होतं, म्हणून. त्या म्हणाल्या, बरं, जेवून घ्या. आणि फोन ठेवला.

२७ ऑक्टोबर
केतकी अजून आठ दिवस राहणार म्हणते.

सकाळी नोझल चेक केला. लाइट मॅजेन्टाच्या सगळ्या रेघा सलग, एकही तुटलेली नाही. आठात आठ. फोटो काढून तिला पाठवला. तिने पाहिलाय. उत्तर नाही.

संकल्प: मशीन विकणे. कन्नडचा क्लास लावणे. बेळगावला जाणे. (क्रम ठरवायचा आहे. मशीनला आज दुपारी एकदा चालवावं लागेल, त्यानंतर बघू.)

खोलीतला पिवळा बल्ब काढला, ट्यूब लावली. दुसरी प्रत भिंतीला टेकवून तिच्यासमोर बसलो. बाई हिरव्या आहेत. हसऱ्या मात्र कुठेच नाहीत.